पाण्याच्या मशीनला पाणी चालत नाही म्हणे! (कॉर्डलेस वॉटर फ्लॉसर, काही महिन्यांनंतर)

दातांच्या फटींत पाण्याची धार मारून अडकलेले कण काढणारं हे चार्जिंगचं मशीन. फीचर्स सगळ्यांना पाठ आहेत, ती उगाळत नाही. मला बोलायचंय ते चार्जिंगच्या भोकावरच्या नखाएवढ्या रबरी बुचाबद्दल. ते सैल पडलं, आत पाणी गेलं, मशीन ठप्प. सर्व्हिस सेंटरचं उत्तर, "सर, पाण्याने झालेलं डॅमेज वॉरंटीत बसत नाही." अहो, मग यात काय रॉकेल भरायचं? खोक्यावर आयपीएक्स७ छापलंय, म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी चालायला हवं! फोन, फोटो, मेल... शेवटी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली, तेव्हा कुठे बदलून मिळालं. नव्याचं बूचही ढिलंच. सुटं विकत मागितलं तर म्हणे मिळत नाही. आता सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवलाय.

मशीन घेतलं होतं तोंडाच्या वासासाठी. सुरुवातीला काडीचा फरक नाही, दोन स्टार देऊन मोकळा होणार होतो. मग लक्षात आलं, डावीकडच्या खालच्या दाढेच्या कॅपपाशी धार मारली की बेसिनमध्ये जे कण पडतात, घाण वास त्यांनाच येतो. डेंटिस्टने एक्स-रे काढला. कॅपची कड सुटलेली, खाली अन्न अडकून दाढ किडलेली. आणि मी इतकी वर्षं पोटाला दोष देत ओवा चघळतोय! त्यांचं म्हणणं, वास बहुतेक वेळा तोंडातूनच येतो. जिभेच्या मागच्या बाजूचा थर आणि हिरड्यांच्या खाचा इथले जंतू प्रथिनं कुजवतात, त्यातून गंधकाचे वायू सुटतात. झोपेत लाळ कमी होते म्हणून सकाळी जास्त. तोंड उघडं टाकून घोरणाऱ्यांचं तर विचारूच नका.

तर स्टार वाढवून साडेतीन. पण धारेने दातांवरचा चिकट थर पूर्ण निघत नाही, ब्रश आणि दातांच्या फटींत फिरवायचा दोरा (फ्लॉस) चुकत नाही. जिभेसाठी स्टीलचा टंग क्लीनर घेतला, अगदी किरकोळ किमतीचा, आणि खरं सांगायचं तर रोजच्या वासावर मशीनपेक्षा त्याचाच गुण जास्त.

बोअरचं पाणी असेल तर नोझलमध्ये क्षार साचतात, अधूनमधून व्हिनेगर घातलेलं पाणी फिरवा. पाणी कोमट घ्या, प्रेशर सर्वांत कमी ठेवा, ओठ मिटल्यावरच बटण दाबा, नाहीतर आरसा पुसत बसाल. सुरुवातीला हिरड्यांतून थोडं रक्त येऊ शकतं, पण ते थांबलंच नाही तर दाखवून घ्या. तोंडात कॅप, ब्रिज किंवा तारा असतील तर मशीन घेण्यासारखं आहे. नसतील तर आधी टंग क्लीनर आणा, पंधरा दिवस बघा, मग हजारांत हात घाला.