बायू मॉर्निंग फ्लेक: काही महिने ओढल्यानंतर

पाइपच्या या तंबाखूचं नाव निघालं की जो तो त्याच्या मिरीबद्दलच बोलतो, म्हणजे धुरातल्या मिरीसारख्या झणझणीबद्दल. नाकातून धूर सोडला की झणझणतं, डोळ्यांत पाणी येतं, म्हणून हा कडक तंबाखू, असा सरधोपट निकाल. काही महिने सलग ओढून झाल्यावर मला हा निकाल अर्धवट वाटतो. झोंबणं निराळं आणि चढणं निराळं. यात दोन्ही आहेत, पण दोन्ही एका वेळी येत नाहीत. मिरी पाइप पेटल्यावर लगेच तोंड दाखवते आणि थोड्या वेळात मागे सरते. निकोटिन मात्र पाइप अर्ध्याच्या पुढे गेल्यावर गाठतं, तेही तुम्ही खुर्चीतून उठायला गेलात की. मिरीला घाबरून हा डबा टाळणारे आणि मिरी सोसली म्हणून भराभर ओढणारे, दोघांचाही हिशेब इथेच चुकतो.

कॉर्नेल अँड डील या अमेरिकी कंपनीचं हे मिश्रण. घटक दोनच, लाल व्हर्जिनिया हा गोडसर तंबाखू आणि पेरिक हा पिंपात दाबून मुरवलेला तंबाखू. त्यात पेरिकचा वाटा चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के. बहुतेक व्हर्जिनिया-पेरिक मिश्रणांत पेरिक याच्या निम्म्यानेही नसतं, काहींत तर नुसतं चवीपुरतं. त्यामुळे ज्यांनी ऑर्लिक गोल्डन स्लाइस्डसारखं थोडंसंच पेरिक असलेलं मिश्रण ओढून ‘पेरिक आवडलं’ असं ठरवलंय, त्यांना इथे पेरिकची पहिल्यांदा खरी गाठ पडेल. हेच मिश्रण सुट्या, बारीक कापलेल्या रिबनच्या रूपातही मिळतं. मी लिहितोय ते दाबून काप केलेल्या फ्लेकबद्दल.

पेरिकबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण या डब्यात जे काही बरंवाईट आहे ते बहुतेक त्याचंच आहे. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, न्यू ऑर्लीन्स आणि बॅटन रूज यांच्या मधे, मिसिसिपीच्या काठी सेंट जेम्स पॅरिश नावाचा भाग आहे. तिथल्या ग्रँड पॉइंटच्या आसपासच्या मोजक्या शेतांत हा तंबाखू पिकतो. चॉक्टॉ आणि चिकासॉ हे तिथले मूळ रहिवासी तंबाखू दाबून मुरवत असत आणि ती रीत पाहून पिएर शने या शेतकऱ्याने १८२४ च्या सुमारास तिचा धंदा केला, अशी कथा सांगतात. रीत आजही फार बदललेली नाही. वाळलेल्या पानांना थोडा ओलावा देऊन मधली शीर काढायची, पानांच्या पिळलेल्या जुड्या करायच्या, व्हिस्कीच्या जुन्या ओक पिंपांत त्या ठासून भरायच्या आणि वरून स्क्रू जॅकने दाब द्यायचा. पानांचा रस सुटतो, वर येतो आणि पान हवेशिवाय स्वतःच्याच रसात बुडून राहतं. मधूनमधून दाब काढून पानं बाहेर काढतात, हवा देतात, खालची वर करून पुन्हा भरतात. असं करत करत वर्षभर. शेवटी हाती येतं ते जवळजवळ काळं, तेलकट, चिकट पान. वास आंबूस. व्हिनेगर, सुकं अंजीर, आणि खाली कुठेतरी ओली माती.

नुसतं पेरिक पाइपात भरून ओढणारे लोक फार थोडे. मी चिमूटभर ओढून पाहिलं. आंबटपणा आणि मिरी यांच्यापलीकडे काही कळलं नाही, आणि धूर इतका जड की चव शोधायला उसंतच मिळत नाही. त्याला गोडवा लागतो, आणि तो व्हर्जिनियाकडे भरपूर असतो. व्हर्जिनियाची पानं बंद कोठारात नळ्यांतून फिरवलेल्या गरम हवेने वाळवतात, धूर पानाला लागू देत नाहीत. त्यामुळे पानातली साखर पानातच राहते. ही साखर हेच व्हर्जिनियाचं वैभव आणि हेच त्याचं दुखणं. जोरात ओढलं की धूर तापतो आणि जिभेचं टोक भाजल्यासारखं होतं. पेरिक घातलं की व्हर्जिनियाचं हे चावणं कमी होतं, असं पाइप ओढणारे फार पूर्वीपासून सांगत आलेत. या डब्यापुरतं मी ते मान्य करतो, एका अटीवर, की तुम्ही शेगडी फुंकल्यासारखे पाइप ओढणार नाही.

डबा उघडल्यावर पहिला वास गोड नसतो. पहिला येतो व्हिनेगरचा भपका. तो दोन-तीन दिवसांत निवळतो, मग खालून मनुका, वाळलेलं गवत, चामडं असं एकेक वर येतं. काप तांबूस तपकिरी, त्यांत काळ्या रेघा. त्या काळ्या रेघा म्हणजे पेरिक. कापांची जाडी सारखी नाही, काही अखंड निघतात, काही हात लागताच कडेने सुटतात. ज्यांना डब्यात ओळीने मांडलेले, पत्त्यांसारखे एकसारखे काप आवडतात त्यांना हे रूप भावणार नाही. मला त्याचं काही वाटत नाही, शेवटी सगळं चुरायचंच आहे.

चुरण्यावर मात्र पुष्कळ काही अवलंबून आहे. काप घडी करून अख्खा बाउलमध्ये, म्हणजे पाइपच्या तंबाखू भरायच्या वाटीत, खुपसायची एक पद्धत आहे. त्याने तंबाखू सावकाश जळतो आणि थंड राहतो, पण या फ्लेकच्या बाबतीत मला ती मानवली नाही. पेरिकच्या रेघा कापात एकसारख्या पसरलेल्या नसतात, त्यामुळे एक झुरका निव्वळ गोड आणि पुढचा निव्वळ मिरी, असं होत राहतं. मी काप दोन तळव्यांत हलकेच चोळून मोकळा करतो, पूर्ण भुगा न करता, मधेमधे दोऱ्यांचे पुंजके राहतील इतपत. मग कागदावर पसरून अर्धा तास ठेवतो. चिमटीत दाबल्यावर गोळा न होता परत उलगडला, आणि तरीही बोटांना किंचित लवचीक लागला, की झालं. डब्यातून काढून थेट भरलात तर पाण्याची वाफ जिभेवर येते, पाइपाच्या तळाशी पाणी गुळगुळतं आणि चव निम्मी होते. फार वाळवलात तर उरते ती मिरी, फळं उडून जातात.

पेटवणं नेहमीचंच. पहिली काडी फक्त वरचा थर फुलवायला, मग टॅम्परने, म्हणजे तंबाखू दाबायच्या छोट्या दट्ट्याने, अलगद बसवायचं, मग खरी पेट. या तंबाखूला पुन्हा पुन्हा काडी लागते, आणि ती लावायला कंटाळू नये. विझू नये म्हणून जोर लावला की सगळी गंमत संपते.

आता चव. पहिल्या भागात लाल व्हर्जिनियाचा खरपूस गोडवा, पावाच्या भाजलेल्या कडेसारखा, आणि त्यावर पेरिकची मिरी. ही मिरी जिभेवर कमी आणि नाकात जास्त कळते. धूर तोंडात फिरवून त्यातला थोडासा नाकावाटे सोडायचा. सगळा सोडलात तर शिंक ठरलेली, आणि त्यानंतर काही काळ नाक काहीच सांगणार नाही. थोडाच सोडला की मिरीच्या मागून फळं कळतात. मला मनुकेपेक्षा अंजीर जास्त जाणवतं, बियांसकट.

मधला भाग सगळ्यात उत्तम. मिरी मागे सरलेली, गोडवा आणि आंबटपणा एकमेकांत विरलेले, धूर जड पण मऊ. इथेच कळतं की २५ टक्के हे प्रमाण उगाच नाही. कमी पेरिक असलेल्या मिश्रणांत ते व्हर्जिनियाला फोडणीसारखं असतं, वर तरंगतं आणि अर्ध्या पाइपानंतर हरवतं. इथे ते तळापर्यंत टिकतं, आणि उत्तरार्धात तर व्हर्जिनियाच्या बरोबरीने बोलतं. शेवटच्या तिसऱ्या भागात गोडवा ओसरतो, चव काळी, जरा अळंब्यासारखी होते, मिरी परत येते. काहींना हा शेवट कडवट वाटतो. मला तो आवडतो, पण राखेपर्यंत ओढत बसत नाही. तळाचा ओलसर थर तसाच टाकून देतो.

आणि याच तिसऱ्या भागात चढतो. पाइपाचा धूर छातीत घ्यायचा नसतो, निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलं जातं, त्यामुळे परिणाम सिगारेटसारखा झटकन होत नाही, मागाहून येतो. आधी कानशिलं गरम, मग हलकं गरगरणं, मग पोटात मळमळ. रिकाम्या पोटी हा तंबाखू नकोच. नावात सकाळ असली तरी सकाळी तर नकोच नको. पोटभर जेवण झाल्यावर, लहान बाउल, शेजारी पाणी, आणि पुढचा तासभर कुठे जायचं नाही, अशा वेळी तो काढावा. मळमळायला लागलंच तर पाइप खाली ठेवून काहीतरी गोड खावं, हा पाइपवाल्यांचा जुना उपाय मलाही लागू पडला आहे. छातीत धूर घेत नाही म्हणून पाइप निरुपद्रवी, असंही कोणी समजू नये. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका त्यातही आहेच. पाइप ओढत नसाल तर हे वाचून सुरू करू नका.

पाइप कोणता वापरता याने इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं. रुंद बाउलमध्ये हा तंबाखू एकदम अंगावर येतो, मिरी आधी आणि निकोटिनही आधी. अरुंद आणि जरा खोल बाउलच्या ब्रायर (लाकडी) पाइपात तोच तंबाखू समंजस होतो, टप्पे नीट वेगळे कळतात. मक्याच्या कणसाच्या पाइपातही छान लागतो, गोडवा थोडा पुढे येतो, शेवट लवकर येतो. मेरशॉम या पांढऱ्या मऊ खनिजाच्या पाइपात चव सर्वांत स्वच्छ, पण मिरीही तितकीच स्वच्छ. लाटाकिया हा धुरावर वाळवलेला तंबाखू ओढलेल्या पाइपात मात्र भरू नये. धुरकट वास अंजिराला खाऊन टाकतो. बायू मॉर्निंगने स्वतः पाइपात मागे सोडलेला वास फारसा हट्टी नसतो. पुढच्या साध्या व्हर्जिनियाला एक-दोन वेळा किंचित आंबूस झाक येते, इतकंच.

काही महिने थांबल्याचा फायदा म्हणजे मुरण्यातला फरक पाहता आला. उघडल्यावर निम्मे काप लगेच काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरून अंधारात ठेवले, बाकीचे ओढत राहिलो. बरणीतल्या तंबाखूचा व्हिनेगरचा वास जवळपास गेला, रंग आणखी काळवंडला, मिरीची धार बोथट झाली. फळं मात्र वाढली. निकोटिन तिळमात्र कमी झालं नाही, हे सांगून ठेवतो, कारण चव मऊ झाली की हात सैल सुटतो. पाइपवाले या जातीचे डबे वर्षानुवर्षं न उघडता ठेवतात त्यामागचं कारण व्हर्जिनियाची साखर हेच आहे. ती सावकाश बदलत राहते.

बरोबरीच्या तंबाखूंशी तुलना करायची तर एस्कुडो याच्यापेक्षा सभ्य आहे. त्याची ती गोल नाण्यांसारखी चकती, मिरी बेताची, गोडवा जास्त, आणि दिवसातून कधीही चालेल असा. सॅम्युअल गॉविथचा सेंट जेम्स फ्लेक शिजवलेल्या फळांच्या बाजूला झुकतो, जास्त ओलसर, जास्त काळोखा. त्याला वाळायला याच्याहून पुष्कळ वेळ द्यावा लागतो. थ्री नन्स हे नाव जुने लोक अजून पेरिकसाठी घेतात, पण हल्लीच्या डब्यात पेरिकची जागा केंटकी या धुरावर वाळवलेल्या तंबाखूने घेतलेली आहे, तेव्हा ती तुलना सोडूनच द्यावी. मिरी, आंबटपणा आणि फळं हे तिन्ही ठसठशीत हवे असतील तर मी बायू मॉर्निंगच उचलेन. दिवसभराचा सोबती हवा असेल तर नाही.

घरातल्यांचं मत विचाराल तर ते पडलेलं आहे. याच्या धुराला व्हॅनिलाचा किंवा चेरीचा सुवास नाही, आणि दुसऱ्या दिवशी पडद्यांना जो वास राहतो त्याची बाजू मी घेऊ शकत नाही. खिडकी उघडी असावी, किंवा सरळ बाहेर बसावं.

ज्यांना चव आवडली पण जोर झेपत नाही त्यांच्यासाठी एक सोपी तोड आहे. साध्या, पेरिक नसलेल्या व्हर्जिनिया फ्लेकमध्ये हा निम्म्याने मिसळायचा, दोन्ही चोळून मोकळे करून, एकाच बरणीत, निदान दोन आठवडे. पेरिकचं प्रमाण साडेबारा टक्क्यांवर येतं. अशी एक बरणी मी वेगळी ठेवली आहे. तिच्यात मिरी निम्म्याहून कमी झाली, उठताना गरगरणं थांबलं, आणि अंजीर मात्र मला वाटलं होतं तितकं उणं झालेलं नाही. ही बरणी मी दुपारीही उघडतो.