उद्यमबागेत पाइपचा गॅस: ज्योत उत्तम, करार मात्र डोळे उघडून

"पाइपचा गॅस घ्यायचा काय?" हा प्रश्न बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक पट्ट्यात कुणी ना कुणी विचारतंच. इथे परीक्षण आहे ते कारखान्याच्या आणि हॉटेल-मिठाई दुकानाच्या पीएनजी (पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूच्या) जोडणीचं, एक माल म्हणून. कुठल्याही एका कंपनीला गुण द्यायचा हेतू नाही. निर्णय आधीच सांगून टाकतो: इंधन म्हणून दहापैकी नऊ, करार म्हणून फार तर पाच. हे चार गुण कुठे गेले ते कळायला आधी गॅस विकायचा हक्क कुणाला आहे, ते समजून घ्यावं लागतं.

सिलिंडरच्या बाबतीत तीन सरकारी कंपन्या, त्यांचे डझनभर वितरक, भाव करायला जागा. पाइपच्या गॅसला तसं नाही. २००६ च्या पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ कायद्याखाली या मंडळाच्या, म्हणजे पीएनजीआरबीच्या, परवानगीशिवाय शहरात वायूचं जाळं टाकता येत नाही. मंडळ देशाचे 'भौगोलिक क्षेत्र' म्हणून तुकडे पाडतं, बहुतेक ठिकाणी जिल्हानिहाय, आणि प्रत्येक तुकड्यासाठी बोली मागवतं. बोली लावणाऱ्याला आर्थिक पत आणि पाइपलाइनच्या कामाचा अनुभव दाखवावा लागतो, कामाच्या हमीपोटी बँक गॅरंटी भरावी लागते. २०१८ च्या नवव्या फेरीपासून गुणांकन असं आहे: किती घरांना जोडणी देणार याला ५० टक्के, किती सीएनजी पंप उभारणार याला २०, पोलादी पाइप किती 'इंच-किलोमीटर' (इंचातला व्यास गुणिले किलोमीटरमधली लांबी) टाकणार याला १०, आणि वाहतुकीच्या दोन दरांना प्रत्येकी १०. यात उद्योगांच्या जोडण्यांना स्वतंत्र गुण नाहीत, हे लक्षात घ्या. पाइप आधी वसाहतीतल्या घरांकडे का जातो आणि फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांच्या, गल्लीत उशिरा का येतो, याचं निम्मं उत्तर या आकड्यांतच आहे. त्याआधीच्या काही फेऱ्यांत तर मुख्यतः जाळ्याचा दर आणि सीएनजी दाबण्याचा दर यांवर बोली चालायची आणि लोक एका पैशाची बोली लावून क्षेत्र पदरात पाडून घ्यायचे.

बोली जिंकली की दोन मक्ते मिळतात, आणि ते वेगवेगळे आहेत. जाळं टाकायचा मक्ता २५ वर्षांचा. म्हणजे तेवढा काळ तुमच्या रस्त्यात दुसऱ्या कंपनीचा पाइप येणार नाही. गॅस विकायचा मक्ता मात्र कमी मुदतीचा: जुन्या फेऱ्यांतल्या क्षेत्रांना ५ वर्षं, नवव्या फेरीपासून ८. ही मुदत संपली की त्याच पाइपमधून, वाहतुकीचं भाडं भरून, दुसऱ्या विक्रेत्याने गॅस विकायची तरतूद नियमांत आहे. कागदावर सोनं आहे हे, पण दिवसाला पाचशे-हजार एससीएम (प्रमाण घनमीटर) घेणाऱ्या कारखान्याच्या दारात दुसरा विक्रेता उभा राहिलेला क्वचितच दिसतो. तरीही आपल्या क्षेत्राची मुदत केव्हा संपते ते विचारा. भाव बोलताना हा मुद्दा टेबलावर असलेला बरा. भाव मंडळ ठरवत नाही. किरकोळ दर ठरवायचा अधिकार मंडळाला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितलंय.

मोठ्या ग्राहकाची गोष्ट निराळी. रोजची गरज ५०,००० एससीएमच्या आत असेल तर शहराच्या जाळ्यातूनच घ्यायचा. ५०,००० ते १,००,००० मध्ये असेल तर जाळ्यातून किंवा स्वतंत्र पाइपने. १,००,००० च्या वर स्वतंत्र पाइपच. आपल्याकडची मधली फाउंड्री यातल्या पहिल्या पायरीच्याही तळाशी बसते. शेजारच्या दहा कारखान्यांनी मिळून आपणच एक लहान लाइन ओढू, ही कल्पना मात्र सोडून द्या. परवानगीशिवाय असं जाळं चालवणं गुन्हा आहे. २०२० पासूनच्या गॅस एक्स्चेंजवर, म्हणजे वायूच्या खुल्या बाजारात, खरेदी करू, असंही काही जण म्हणतात. तिथला गॅस मोठ्या पाइपलाइनवर ताब्यात मिळतो. तिथून तुमच्या शेडपर्यंत आणणार तो शेवटी जाळ्याच्याच पाइपने.

आता सीमेची गंमत. दाभोळ-बंगळूर ही गेलची मुख्य वाहिनी २०१३ मध्ये सुरू झाली आणि ती कोकणातून घाट चढून याच पट्ट्यातून पुढे धारवाडकडे जाते. वायू एकच. पण बेळगाव जिल्हा एक क्षेत्र, कोल्हापूर जिल्हा दुसरं. निपाणीच्या कारखान्याला कागलच्या एमआयडीसीतला पाइप वीस-पंचवीस किलोमीटरवर दिसतो, पण कोगनोळीचा टोलनाका ओलांडून तो इकडे येऊ शकत नाही. कंपनी वेगळी, भाव वेगळा, करही वेगळा. नैसर्गिक वायू जीएसटीत नाही, त्यामुळे प्रत्येक राज्याचा व्हॅट लागतो. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून तो १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला. कागलच्या मित्राने सांगितलेला भाव म्हणून इथे गृहीत धरायचा नाही. सीमाप्रश्न गॅसलाही चुकलेला नाही.

हिशेब करताना बहुतेक जण इथेच घसरतात. कारखान्याला लागणाऱ्या एलपीजीवर १८ टक्के जीएसटी आहे, पण त्याचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तो आपण भरायच्या जीएसटीतून वळता होतो. पीएनजीवरचा व्हॅट जीएसटीत वळता होत नाही, तो खर्चच. म्हणून तुलना नेहमी अशी करा: सिलिंडरचा जीएसटी वगळून भाव, आणि पीएनजीचा व्हॅट धरून भाव. उष्णतेच्या हिशेबाने १९ किलोचा सिलिंडर सुमारे २४ एससीएम पीएनजीच्या बरोबरीचा. समजा सिलिंडर जीएसटी सोडून १,५०० रुपयांना पडतो, तर १,५०० भागिले २४, म्हणजे ६२.५० रुपये. पीएनजी व्हॅटसकट याच्या खाली येत असेल तरच पुढे बोला. एलपीजीच्या बाजूला आणखी एक छुपा खर्च असतो: बेळगावच्या थंडीत सिलिंडरच्या तळाशी न उडालेला गॅस राहतो आणि तसाच परत जातो. चार-पाच रिकामे सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून पाहा, आकडा कळेल.

दुसरी घसरण एककाची. कोटेशन कधी एससीएमवर असतं, कधी एमएमबीटीयू या उष्णतेच्या एककावर. एक एमएमबीटीयू म्हणजे २,५२,००० किलोकॅलरी. वायूची एकूण उष्णता एससीएमला ९,३०० किलोकॅलरी धरली तर ते साधारण २७ एससीएम होतात. काही करारांत १०,००० किलोकॅलरीचा 'प्रमाण' एससीएम धरून दर लिहिलेला असतो. तसं असेल तर मीटरवरचे १०० एससीएम बिलात ९३ व्हायला हवेत. पहिलं बिल आलं की हेच तपासा. दरपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात हा आधार लिहिलेला असतो, आणि तोच बहुतेक जण वाचत नाहीत. घरगुती ग्राहकांना आणि सीएनजीला देशी स्वस्त वायूत प्राधान्य आहे. उद्योगाचा भाव मुख्यतः आयात एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) हलतो, म्हणून डॉलर आणि परदेशातला बाजार हलला की तुमचंही बिल हलणार.

मग येतो करार. त्यातला गाभा दोन अक्षरसमूहांत आहे: डीसीक्यू, म्हणजे रोजची ठरलेली मात्रा, आणि एमजीओ, म्हणजे तुम्ही घ्या न घ्या, पैसे भरावेच लागतील अशी किमान मात्रा. समजा डीसीक्यू ५०० एससीएम, एमजीओ ८० टक्के आणि बिल पंधरवड्याचं. मग १५ गुणिले ५०० गुणिले ०.८, म्हणजे ६,००० एससीएमचे पैसे नक्की. गणपतीत ओतकाम करणारी माणसं गावी गेली आणि सहा दिवस भट्टी बंद राहिली तर वापर ४,५००, बिल ६,००० चं. न जाळलेल्या १,५०० एससीएमचे पैसे गेले. म्हणून डीसीक्यू ठरवताना चांगल्या महिन्याचा आकडा देऊ नका. वर्षातल्या सगळ्यात मंद दोन महिन्यांची सरासरी काढा आणि तिथून सुरुवात करा; जास्तीच्या गॅसचा दर थोडा चढा पडला तरी चालतो. एमजीओचा हिशेब पंधरवड्याऐवजी वर्षावर मागा. सणांची आणि देखभालीची सुटी आधी कळवून डीसीक्यू कमी करायची सोय कलमात लिहून घ्या. तोंडी आश्वासनाला इथे किंमत नाही. फाउंड्रीत वितळवणं विजेवर, गॅस फक्त लॅडल (वितळलेला धातू ओतायचं पात्र) तापवायला, कोअर (साच्यातला वाळूचा गाभा) भाजायला आणि हीट ट्रीटमेंटला. त्यामुळे गॅसचा भार मुळातच उड्या मारतो. हे बसलेलं गणित नाही, हे कंपनीच्या माणसाला समजावून सांगावं लागतं.

जोडणीच्या कामाबद्दल कमी लिहितो, कारण तिथे तुमच्या हातात फारसं नसतं. अर्ज, भाराचं पत्रक, जागेची पाहणी, अनामत किंवा बँक गॅरंटी, मग खोदाई. रस्ता महापालिकेचा, वसाहतीचा, कॅन्टोन्मेंटचा की महामार्गाचा, यावर परवानगीचा काळ ठरतो, आणि पावसाळ्यात खोदाई जवळपास थांबते. जूनमध्ये अर्ज करून दिवाळीला गॅस मागू नका. रस्त्यातला पिवळा किंवा केशरी प्लास्टिक पाइप किमान एक मीटर खोल असतो आणि त्याच्या वर इशाऱ्याची पट्टी असते. आपल्या आवारात जेसीबी लावण्याआधी त्याचा नकाशा मागून भिंतीवर लावा.

खरी मजा आणि खरी चूक बर्नरपाशी. एलपीजीच्या जेटवर (गॅस सुटायच्या बारीक भोकावर) पीएनजी सोडला की ज्योत निम्मी होते आणि लोक म्हणतात, "गॅसला दम नाही." दम आहे, भोक लहान आहे. कमी दाबाच्या शेगडीत एलपीजी ३० मिलिबारला चालतो, पीएनजी २१ ला. तेवढीच उष्णता हवी तर जेटचा व्यास साधारण १.४ पट लागतो. म्हणजे १ मिलिमीटरच्या जागी १.४. ड्रिलने घरच्या घरी मोठं करू नका, भोक वाकडं झालं की ज्योत एका बाजूला झुकते आणि काजळी धरते. तयार जेट घ्या. ब्लोअर बदलायची गरज सहसा पडत नाही, कारण तेवढ्याच उष्णतेला हवा जवळपास तेवढीच लागते, पण हवा-गॅसचं प्रमाण नव्याने बसवावं लागतं. लॅडल बर्नरवर ज्योत तोंडापासून सुटून उडताना दिसली तर हवा जास्त. पिवळी आणि लांब झाली तर कमी. दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह, कमी आणि जास्त दाबाचे स्विच, ज्योत विझली की गॅस तोडणारा यूव्ही स्कॅनर, एवढं नसलेली गॅस ट्रेन, म्हणजे बर्नरच्या आधीची व्हॉल्व्हची जुळणी, स्वीकारू नका. पहिल्या महिन्यात नव्या लाइनमधली माती आणि धातूचा कीस फिल्टरला येतो. दाब पडतोय म्हणून कंपनीला फोन लावण्याआधी फिल्टर उघडून पाहा.

सुरक्षेत एक गोष्ट उलटी होते आणि ती हमखास विसरली जाते. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीवर साचतो. नैसर्गिक वायू हलका, छताखाली साचतो. इंधन बदललं आणि गॅस डिटेक्टर जुन्या जागी, जमिनीपासून वीतभर उंचीवर राहिला, तर तो शोभेचा. तो छताजवळ न्या आणि शेडच्या माथ्यावर हवा जायला जागा ठेवा. वास येईल इतपत मात्रा म्हणजे हवेत १ टक्का; पेट घेणारी मात्रा ५ टक्क्यांपासून सुरू होते. मधल्या फरकावर विसंबून काम चालू ठेवणारे सुपरवायझर असतात, त्यांना आधी बाहेर काढा.

कुंदा करणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. कढईखालची एलपीजी भट्टी जास्त दाबावर चालते, ती २१ मिलिबारवर पेटेल पण दूध आटवायला दुप्पट वेळ घेईल. अर्जातच जास्त दाबाचा पुरवठा मागा आणि रुंद तोंडाचा पीएनजी बर्नर घ्या. मंद, अखंड आणि रात्री सिलिंडर बदलायला न उठवणारी आच हवी असेल तर या कामाला पीएनजी फाउंड्रीपेक्षाही जास्त शोभतो, आणि लहान व्यापारी जोडणीत एमजीओचं कलमही अनेकदा सौम्य असतं. मीटर बसवताना त्यावरचा वैधमापनाचा शिक्का आणि त्याची तारीख मोबाइलवर टिपून ठेवा. वापराबद्दल वाद झाला तर पहिला प्रश्न त्याचाच येतो.