आजीचे फोटो, कॅसेटी आणि एक स्कॅनिंगवाला : पाचपैकी साडेतीन

जुने फोटो स्कॅन करून, कॅसेटी डिजिटल करून आणि वर त्याचं पुस्तक छापून देणारं पुण्यातलं एक छोटं दुकान आहे, त्याचा हा रिव्ह्यू. नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण खाली शिव्या पण आहेत, ज्यांना खरंच पाहिजे त्यांनी विचारा, सांगते. एका वाक्यात सांगायचं तर स्कॅनिंग एक नंबर, कॅसेटचं काम त्याहून भारी, पण ते "फोटो रिस्टोर करून देतो" म्हणाले की हात जोडून नको म्हणा.

आमची आजी जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. फायनल (तेव्हाची सातवीची परीक्षा) पास होऊन पीटीसी म्हणजे प्राथमिक शिक्षकांचा कोर्स केला, १९६३ ला नोकरीला लागली आणि २००१ ला रिटायर झाली, जवळपास सगळी नोकरी साताऱ्याच्या पाटण तालुक्यात, कोयनेच्या भागात. गेल्या वर्षी गेली. वर्षश्राद्धाला तिचे जुने विद्यार्थी येणार होते, त्यातले काही स्वतः आता आजोबा झालेत, म्हणून काकांच्या डोक्यात आलं की तिच्या फोटोंचं एक पुस्तक करून प्रत्येकाला द्यायचं. घरात माल काय होता तर पत्र्याच्या ट्रंकेत फोटो, दोन चिकटवाले अल्बम, काचेच्या फ्रेमा, कॅसेटींचा एक खोका आणि बालभारती अन् किशोरचे गठ्ठे. आजी काही टाकायचीच नाही हो, तपासणीला डिप्टीसाहेब येऊन गेले त्याचे शेरे सुद्धा जपून ठेवलेले.

पहिली आवडलेली गोष्ट म्हणजे दुकानातल्या दादाने सगळं घेऊन बिल फुगवलं नाही. किशोरचा गठ्ठा बघून म्हणाला, "ताई हे कशाला स्कॅन करताय, बालभारतीनेच जुने अंक ऑनलाइन फुकट टाकलेत, तिथून घ्या." बरोबरच आहे, १९७१ पासूनचे अंक आहेत तिथे. आम्ही फक्त ज्या पानांवर आजीने समासात पेन्सिलीने काहीबाही लिहिलेलं तेवढीच दिली. दुसरं म्हणजे चिकटवाल्या अल्बममधले फोटो त्याने आम्हाला ओढून काढू दिले नाहीत, तो गोंद वर्षानुवर्षं मुरतो आणि ओढलं की फोटोचा वरचा थरच निघून येतो. अख्खं पान तसंच स्कॅनरवर ठेवलं. फ्रेमच्या काचेला चिकटलेला एक होता तो काचेसकट केला. आणि सगळ्यात भारी, त्याने स्वतःहून विचारलं, मागची बाजू पण करू का? आजीने बहुतेक वर्गाच्या फोटोंच्या मागे रांगेप्रमाणे पोरांची नावं लिहिलीयत, कोण गैरहजर होतं ते सुद्धा! हजेरीच आहे ती. मागची बाजू राहिली असती तर निम्मी पोरं बिननावाची गेली असती.

साधे फोटो ६०० डीपीआयला (इंचात किती ठिपके ते, जास्त म्हणजे बारकावा जास्त), छोटे १२०० ला, निगेटिव्ह त्याहून जास्तला. दोन्ही प्रकारच्या फाईली मागून घ्या, टिफ (मोठी, जपून ठेवायला) पण आणि जेपेग (छोटी, पाठवायला) पण. टिफची एकेक फाईल मोठ्या रंगीत फोटोला ५० एमबीच्या आसपास जाते त्यामुळे व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणू नका, तिथे त्याचा पार चुरा होतो.

छोट्या फोटोंचा फायदा कुठे दिसला तर भूकंपाच्या फोटोत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आजी चोवीस वर्षांची, शाळेची भिंत बसली, आणि पुढे कितीतरी दिवस ती देवळाच्या ओट्यावर वर्ग घ्यायची. मदतीला आलेल्या कुणीतरी काढलेला फोटो आहे, काडेपेटीपेक्षा जरा मोठा, कडा कातरलेल्या. आम्हाला लहानपणापासून त्यात फक्त ठिपके दिसायचे. पण हे असले छोटे फोटो निगेटिव्हवरून सरळ त्याच मापात छापलेले असतात म्हणून बारकावा टिकून असतो, स्क्रीनवर मोठा केला तर आजी दिसली, पदर खोचलेला, हातात खडू, आणि फळा म्हणून देवळाचा बंद दरवाजा. दरवाज्यावर बेरजा लिहिल्यात! घरात कुणालाच माहीत नव्हतं. आजी भूकंपाचं बोलायची ते सगळं कोणाकडे धान्य किती उरलं, कुठलं पोर घाबरून शाळेत येईना आणि तिने घरी जाऊन त्याला कसं आणलं हेच, स्वतः काय केलं ते कधी नाही.

आता शिव्या. दादा म्हणाला पॅकेजमध्ये रिस्टोरेशन फ्री आहे, म्हणलं करा. १९७४-७५ चा सातवीच्या वर्गाचा ग्रुप फोटो, मध्ये खुर्चीवर आजी, पुढे खाली मांडी घालून बसलेल्या पोराच्या हातात पाटी आणि पाटीवर शाळेचं नाव अन् साल. परत आला तेव्हा सगळी पोरं गोरीगोमटी, सगळ्यांचे डोळे एकसारखे, आणि पाटीवरची अक्षरं अशी काहीतरी झालेली की ती मराठी नाहीत, कानडी नाहीत, कुठल्याच भाषेतली नाहीत. आणि आजी! तिच्या चष्म्याची एक काडी कायम दोऱ्याने बांधलेली असायची, पगार झाला की पहिली फी कुणाची तरी भरायची मग चष्मा राहायचा ते राहायचाच. रिस्टोरेशन करणाऱ्या एआयने तिला नवाकोरा चष्मा दिला, कपाळावरचं रुपयाएवढं कुंकू बारीक टिकली करून टाकलं आणि गाल गुळगुळीत. आत्या बघून म्हणाली, "ही कोण बाई?" विद्यार्थी तर काडीवरूनच ओळखणार तिला. जुना फोटो पिवळा पडलाय, कडेला चांदीसारखी चकाकी आलीय, तर येऊ दे की. ७०-८० च्या रंगीत फोटोंचा लाल झालेला रंग सारखा करून घेणं वेगळं, ते त्यांनी चांगलं केलं, पण चेहऱ्याला हात लावू देऊ नका. बरं, तक्रार केल्यावर दादाने वाद घातला नाही, मूळ स्कॅन वेगळे ठेवलेलेच होते त्यामुळे नुकसान काही झालं नाही, पण पुस्तकाची डिझाइन त्याच चकचकीत फोटोंवर आधीच लावून ठेवलेली ती परत करण्यात आठवडा गेला आणि वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं.

दुसरी शिवी मराठी टायपिंगला. त्यांच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड (मोबाइलवर टाइप करतो तसलं) मराठी टाकलं की जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे. पहिल्या प्रूफात "विद्यार्थी" हा शब्द जिथे जिथे होता तिथे तिथे फुटलेला, म्हणजे शिक्षिकेच्या आठवणींच्या पुस्तकात! आजीने तांबड्या शाईने गोल करून पान परत दिलं असतं आणि दहा वेळा लिहून आण म्हणाली असती. माझ्या चुलतभावाने शेवटी सगळा मजकूर स्वतः सेट करून पीडीएफ नेऊन दिली तेव्हा नीट आलं. तुम्हीही तेच करा, मराठी मजकूर त्यांच्या भरवशावर सोडू नका, आणि छापायच्या आधी कागदावरचं प्रूफ मागा, स्क्रीनवरचं नको.

साडेतीन स्टार का, तर कॅसेटवाल्या काकांमुळे. दादाचे वडील, मागच्या खोलीत बसतात, कमी बोलतात. आमच्या एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटची टेपखालची स्पंजची गादीच निखळून पडलेली, काकांनी कॅसेट उघडून टेप दुसऱ्या स्क्रूवाल्या सांगाड्यात घातली. त्यात आजी मला आणि माझ्या भावाला पावकी (पावाचा पाढा) शिकवतेय. पहिल्यांदा ऐकवलं तर आजीचा आवाज चिरका, घाईघाईचा, आम्ही म्हणलं टेप खराब झाली. काका म्हणाले, रेकॉर्ड करताना सेल उतरलेले असणार, तेव्हा टेप हळू फिरली म्हणून आता पळतेय. आणि मग त्यांनी वेग थोडा थोडा कमी करत प्रत्येक वेळी बाबांना विचारलं, "असा होता का आईंचा आवाज?" बाबा नको, नको, अजून जरा, म्हणत राहिले आणि एका जागी गप्पच झाले. काकांनी तिथे थांबवलं.

आता त्या रेकॉर्डिंगमध्ये "पाच पाव सव्वा, सहा पाव दीड" असं नीट संथ ऐकू येतं, मधेच मी चुकते, आजी ओरडत नाही, नुसतं "पुन्हा" म्हणते. मागे कुकरची शिट्टी, कुणीतरी दारात "बाई, आहात का" म्हणून हाक मारतंय आणि आजी पावकी न थांबवता त्याला आत ये म्हणते. दुपारी शाळा सुटल्यावर आमच्या ओट्यावर स्कॉलरशिपची पोरं बसायची त्यातलं कुणीतरी असेल. एक पैसा घेतला नाही तिने त्या क्लासचा कधी, उलट चहा तिचाच. नातवंडं आणि ती पोरं यात फरक पण नव्हता, चुकलं की दोघांनाही तेच "पुन्हा". आम्हाला लहानपणी याचा राग यायचा हं, आपली आजी असून स्पेशल काही नाही. काकांनी टेपची सरसर सगळी काढून टाकली नाही ते बरं केलं, जास्त साफ केलं की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो असं तेच म्हणाले, आणि कुकरची शिट्टी पण गेली असती.

पुस्तक शेवटी चांगलं झालं. वर्षश्राद्धाला वाटलं तर लोक जेवायचं सोडून मागची नावं वाचत बसले, दोन रांगांमधली तीन नावं चुकलीयत असं एका गृहस्थांनी सांगितलं, ती जागा बदलून बसलेली पोरं होती म्हणे आणि बाईंनी फोटोच्या आधी बसवलेल्या रांगेप्रमाणे लिहिलं. ते पेन्सिलने पुस्तकात दुरुस्त करून गेले. पुढच्या प्रतींत घेऊ.

बाकी बारीकसारीक : कागद मॅट सांगा, ग्लॉसीवर ब्लॅक अँड व्हाईट फोटो नुसते चमकतात. रेट फोटोच्या संख्येवर आहे, मागच्या बाजूचे निम्मे लावतात, घासाघीस चालत नाही. कॅसेटी द्यायच्या असतील तर आधी फोन करून काका आहेत का विचारा, दादाकडे देऊ नका. पेनड्राइव्ह घरून न्या, त्यांचा उगाच महाग पडतो. पार्किंग नाही.