डायना क्रॉल लावून स्पीकर घेऊ नका (वापरानंतरचा अनुभव, लातूर)

स्पीकर चांगले आहेत. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मी पस्तावलोय. खालचे सूर वाजवणारा साडेसहा इंची वूफर, वरचे सूर वाजवणारा एक इंची सिल्क डोम ट्वीटर, बाकी आकडे सोडून देतो. जोडी ₹२८,००० ला पडली, ॲम्प (ॲम्प्लिफायर) माझा जुनाच. कंपनीचं नाव घेत नाही, कारण भांडण अजून चालू आहे. आणि खरं सांगायचं तर स्पीकरबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाहीच. लिहायचंय ते कुठल्या रेकॉर्डिंगवर ते पारखावेत याबद्दल, कारण सगळा तमाशा त्यावरूनच झाला.

लातुरात निवांत बसवून ऐकवणारं दुकान मला सापडलं नाही, म्हणून पुणं गाठलं. ज्या शोरूममध्ये जावं तिथं तोच थाट. एसी, जाड गालिचा, मंद दिवे आणि कॅनडाची जॅझ गायिका डायना क्रॉल. ती नसली तर नोरा जोन्स, आपल्या रविशंकरांची लेक, २००२ चा ‘कम अवे विथ मी’. एखादा जास्तच शौकीन सेल्समन असला तर सिंगापूरची जसिंथा, ‘हिअर्स टू बेन’. सगळ्या बायका कानाशी येऊन गातात, श्वाससुद्धा ऐकू येतो, मागं हळू पियानो, एखादा डबल बास, ड्रमवर काठीऐवजी तारांचे ब्रश. दहा हजारांची जोडीही लाखाची वाटते.

यात जादू काही नाही. माइक तोंडाजवळ असला की आवाजाचा खालचा भाग आपोआप फुगतो, दिशा धरून ऐकणाऱ्या माइकचा तो गुणच आहे. त्यामुळे छोटा स्पीकरही भरदार लागतो. वाद्यं मोजकी, लय संथ, गर्दी नाही. म्हणजे स्पीकरला अवघड जाईल असं काही लावायचंच नाही आणि वर विचारायचं, ‘कसं वाटलं साहेब?’ पेपर सोपा काढला की सगळेच पास. लातूरकराला हे वेगळं सांगायला नको.

घरी आणल्यावर खरी परीक्षा सुरू झाली. खोली दहा बाय बारा, खाली शहाबादी फरशी, भिंती उघड्या, वर स्लॅब. वरच्या मजल्यावर नीटचा अभ्यास करणाऱ्या मुली भाड्यानं राहतात. जिन्यातून ‘काका, जरा बारीक करा ना’ आलं की बारीक करावंच लागतं. त्यामुळे माझं ऐकणं कायम हळू आवाजात. आवाज कमी केला की कानाला खालचे सूर आणखी कमी ऐकू येतात, हे बेल लॅब्सच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिलंय. रॉक, ढोल-ताशा, सिनेमे हे सगळं अशा आवाजात मरतं. बाईचा आवाज मात्र तग धरतो. म्हणून या कामाला जॅझ गाणाऱ्या बायकाच बऱ्या, एवढं शोरूमवाल्यांचं बरोबर आहे. चुकतं ते कोणती रेकॉर्ड लावायची यात.

सुरुवातीला घरी क्रॉलचं ‘लाइव्ह इन पॅरिस’ लावायचो. २००१ च्या अखेरीस ऑलिंपिया थिएटरात झालेल्या मैफिलींचं हे रेकॉर्डिंग, इंजिनिअर अल श्मिट. त्यातलं ‘अ केस ऑफ यू’ म्हणजे नुसता पियानो आणि गळा. महिनाभर मी त्यावर खूश होतो, पाचपैकी पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो. तक्रार एकच होती, ‘स’ आणि ‘श’ चरचरायचे. इंग्रजीत शब्दाशब्दाला ‘स’ येतो, त्यामुळे तो चरा एकदा कानाला लागला की गाणं बाजूला राहतं आणि माणूस पुढच्या ‘स’ची वाट बघत बसतो. माझं तसंच झालं. बायकोनं तर नाव ठेवलं, ‘सापवाली बाई’.

कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या मुलीनं अकूस्टिक पॅनल घ्यायला सांगितलं. किंमत विचारली आणि फोन ठेवला. आईच्या हातची जुनी वाकळ ट्रंकेतून काढून समोरच्या भिंतीला टांगली, फरशीवर सतरंजी टाकली. खर्च चार खिळे. बराचसा चरा तिथंच गेला, कारण पाच ते आठ हजार हर्ट्झचा हा सगळा माल गुळगुळीत फरशीवर आपटून कानात येत होता. उघडी फरशी ठेवून ट्वीटरला शिव्या देणाऱ्यांनी आधी सतरंजी टाकून बघावी.

वाकळेनं बास मात्र आवरत नाही. पॅट्रिशिया बार्बरचा ‘कॅफे ब्लू’ (१९९४, शिकागोची गायिका, इंजिनिअर जिम अँडरसन) लावला की डबल बासचा एकच सूर खोलीभर घुमायचा, बाकीचे नीट. हिशोब मांडला. दहा फुटांच्या दोन भिंतींमध्ये पहिला घुमारा साधारण ५६ हर्ट्झवर बसतो आणि डबल बासची मोकळी ए तार ५५ हर्ट्झला वाजते. म्हणजे दोष ना स्पीकरचा, ना बार्बरबाईंचा. घर बांधताना गवंड्यानं आखलेल्या चुन्याच्या रेघेचा. भिंतीला टेकून बसत होतो, तिथं हा घुमारा सगळ्यात जास्त असतो. खुर्ची दोन फूट पुढं ओढली आणि काम झालं. ज्यांना खोलीचा बास तपासायचाय त्यांनी याच अल्बममधलं ‘ओड टू बिली जो’ घ्यावं. बास, चुटक्या आणि गळा, लपायला जागाच नाही. पहिल्यांदा मला हा अल्बम दिखाऊ वाटला होता, प्रत्येक आवाज काचेच्या कपाटात मांडून ठेवलेला. आता तसं वाटत नाही. त्यात आवाजामागची हवा इतकी सावकाश विरते की ॲम्पची घरघर, पंखा, इन्व्हर्टर, सगळं उघडं पडतं. (इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर वीज गेल्यावर ॲम्प लावूच नका, ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो. साइन वेव्हचा घ्या. विषय संपला.)

मग आला उन्हाळा. पारा बेचाळीसवर आणि नवंच सुरू झालं. दुपारी मी ऐकत बसलेलो, बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. मध्येच म्हणाली, “अहो, ही बाई गाता गाता उजवीकडं कामून सरकायली?” बाई मधोमधच होती, पण तिचा प्रत्येक ‘स’ उजव्या स्पीकरकडं पळत होता. सकाळी लावलं तर सगळं जागेवर. दुपारी पुन्हा तेच.

इथून माझी आवडनिवड पार बदलली. कारण तक्रार केली आणि कंपनीचा माणूस आला तो सकाळी. फोन ब्लूटूथला जोडला, एक धडाधड वाजणारं हिंदी गाणं लावलं आणि म्हणाला, ‘ओके आहे.’ मी थांबवून घेतलं, चहा पाजला, ऊन चढू दिलं आणि ‘लाइव्ह इन पॅरिस’ लावलं. त्यालाही ऐकू आलं. पण तो म्हणतो, “मिक्सच तसा असंल साहेब.” काय उत्तर देणार? स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये इंजिनिअर आवाज कुठंही ठेवू शकतो, प्रतिध्वनी एका बाजूला जास्त देऊ शकतो. लाइव्ह असेल तर हॉलही मध्ये येतो. म्हणजे ज्या रेकॉर्डवर मी महिनाभर खूश होतो, ती साक्षीला उभी केल्यावर काही कामाची नाही.

तेव्हा काढलं ‘एला अँड लुई’. एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग, १९५६, निर्माता नॉर्मन ग्रान्झ. मागं ऑस्कर पीटरसनचा पियानो, हर्ब एलिसची गिटार, रे ब्राऊनचा बास, बडी रिचचे ड्रम. आणि मुख्य म्हणजे मोनो. दोन्ही स्पीकरला तंतोतंत तेच जातं. मग आवाज दोघांच्या बरोब्बर मध्ये, अरुंद, एका जागी उभा राहिलाच पाहिजे. नाही राहिला तर दोष रेकॉर्डिंगचा असूच शकत नाही. ‘मूनलाइट इन व्हरमाँट’ संथ आहे आणि त्यात ‘स’ची रेलचेल आहे. एलाचा उच्चार इतका स्वच्छ की चरा आला तर तो तुमच्या घरचा. त्या गाण्यात ‘स’ उजवीकडं गेला तेव्हा मला आनंदच झाला, खरं सांगतो.

तरी त्याचं चालूच. “जुनं रेकॉर्डिंग आहे, खरखर राहणारच.” मी म्हटलं, भाऊ, खरखर जुनी असली तरी ती दोन्हीकडं सारखी जुनी आहे. मग क्रमानं केलं. आधी ॲम्पमागच्या डाव्या-उजव्या वायरी बदलल्या. ‘स’ उजवीकडंच. म्हणजे ॲम्प सुटला. मग स्पीकरच उचलून जागा बदलल्या. ‘स’ डावीकडं गेला. म्हणजे खोलीही सुटली, दोष जोडीतल्या एकात. त्यानं लगेच कागदावर लिहिलं, ‘उजव्या स्पीकरचा ट्वीटर कर्कश, बदलणे’ आणि सही घेऊन गेला.

तो गेल्यावर स्पीकर परत मूळ जागी ठेवले आणि ॲम्पचं बॅलन्सचं बटण फिरवून एकेक वेगळा ऐकला. आणि तिथंच मेख निघाली. उजव्यात बडी रिचचे ब्रश स्पष्ट, सुर्र-सुर्र. डाव्यात ते जवळपास गायब, एला तोंडावर पदर घेऊन गातेय असं. उजवा कर्कश नव्हताच, डावा मंद पडला होता. वरचे सूर डावीकडून कमी आले की कान ते उजवीकडं ढकलतो. स्टिरिओ लावून, दोन्ही स्पीकर चालू ठेवून, हे कुणाच्या बापाला कळलं नसतं.

कंपनीला मेल टाकला. उत्तर आलं की टेक्निशियनच्या अहवालानुसार उजव्याचा ट्वीटर पाठवत आहोत, डावा तपासायचा असेल तर पुण्याला पाठवा, जाण्यायेण्याचं भाडं ग्राहकाकडं. वॉरंटीत असून भाडं माझं! नऊ किलोचा डबा, त्यात दोन वेळचं पॅकिंग. चार मेल झाले, प्रत्येकाला तेच छापील उत्तर. शेवटी गोलाईजवळ टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मामांकडं स्पीकर दुचाकीवर मांडीत धरून नेला. स्टिकर फाटला, वॉरंटी गेली. मामांनी क्रॉसओव्हरची, म्हणजे वूफर-ट्वीटरला आपापले सूर वाटून देणाऱ्या सर्किटची, पट्टी बाहेर काढली, ट्वीटरच्या वाटेवरच्या कपॅसिटरचं टोक बोटानं हलवलं आणि म्हणाले, “ड्राय सोल्डर हाय, टाका कच्चा. तापलं की सुटायलंय. ह्याला कंपनी कामून पायजे?” ₹१५० घेतले. पन्नास जास्त होते, पण घासाघीस केली नाही.

तेव्हापासून एला मधोमध आहे, भर दुपारीसुद्धा.

आता कुणी विचारलं की डेमोला काय न्यायचं, तर मी पहिली ‘एला अँड लुई’ सांगतो, आणि तीही घ्यायच्या आधी, दुकानातच. जोडीतले दोन स्पीकर एकसारखे आहेत का, ट्वीटर-वूफरचा सांधा जुळलाय का, हे त्यात मिनिटात कळतं. दुकानदाराला वाटतं गिऱ्हाईक जुन्या वळणाचं आहे. वाटू द्या. दुसरी बिली हॉलिडेची ‘लेडी इन सॅटिन’ (१९५८). गळा थकलेला, चिरलेला, मागं व्हायोलिनांचा रेशमी पडदा. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, ४४ व्या वर्षी ती गेली. गोड करून सांगणाऱ्या स्पीकरवर तो गळा बरा झालेला वाटतो, तिखट स्पीकरवर ऐकवत नाही. दोन्हीच्या मधला जो स्पीकर तिला आहे तशी ठेवतो, तो घ्यावा. वैताग आलेल्या दिवशी मात्र लावू नका. तिसरी कसँड्रा विल्सनची ‘न्यू मून डॉटर’ (१९९५), खर्जातल्या गळ्यासाठी, कारण बारीक गळ्यावर पास होणारे पुष्कळ स्पीकर इथं छातीत बसतात. ‘कॅफे ब्लू’ दुकानात नको, घरी खुर्ची कुठं ठेवायची ते ठरवायला ठेवा. डायना क्रॉल संध्याकाळी, चहाबरोबर.

‘मग लताबाईच का नको, जुनी गाणी मोनोच तर आहेत,’ असं मेहुण्यानं विचारलं. प्रश्न रास्त आहे आणि फुकटचाही आहे. मी लावून पाहिलं. अडचण अशी की ती गाणी इतकी पाठ आहेत की स्पीकरनं गाळलेलं माझं डोकंच भरून काढतं. शिवाय मागं साठ वादकांचा ताफा असला की एकट्या ब्रशची सुर्र-सुर्र शोधायची कुठं? चार वाद्यांत आवाजाभोवती मोकळी जागा राहते, दोष तिथं दिसतो.

एक राहिलंच. दोन जोड्या तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा, जरा जास्त वाजणारा नेहमी भारी वाटतो. आवाजाची पातळी मोजणारा साउंड लेव्हल मीटर बसायच्या जागी ठेवायचा, पिंक नॉइज म्हणजे एकसारखी सुर्र लावायची, दोन्ही जोड्यांना तोच आकडा आणायचा. मीटर दुकानात न्यायला लाजू नका. माझ्या मीटरकडं बघून एका सेल्समननं आपणहून दोन हजार कमी केले होते, का ते मी विचारलं नाही.

स्टार चार. स्पीकरला साडेचार, सर्व्हिसला अर्धा, सरासरी तुम्ही काढू नका. उजव्यासाठी पाठवलेला नवा ट्वीटर गेल्या आठवड्यात कुरिअरनं आला, डब्यासकट, बिलावर शून्य रुपये. कुणाकडं हेच मॉडेल असेल आणि खरंच ट्वीटर गेला असेल तर सांगा, अर्ध्या किमतीत देईन. भाडं तुमच्याकडं.