ग्रॅम्प्स की फॅमिलीसर्च: वंशावळ ठेवायची कुठे?

वंशावळ संगणकावरच्या ग्रॅम्प्स या प्रोग्रॅममध्ये भरावी की थेट फॅमिलीसर्च या संकेतस्थळाच्या ऑनलाइन वृक्षात, असा पेच माझ्या पुतणीला पडलाय. पैशांचा प्रश्न नाही, दोन्ही फुकट.

खरा फरक ताब्याचा. ग्रॅम्प्समधली माहिती तुमच्याच संगणकावर राहते, दुसरं कुणी तिला हात लावत नाही. फॅमिलीसर्चवर मात्र सगळ्यांचा मिळून एकच वृक्ष. तुम्ही नोंदवलेली पणजोबांची जन्मतारीख उद्या एखादा अनोळखी सभासद बदलू शकतो. बदलांचा इतिहास दिसतो, जुनी नोंद परत आणता येते, पण राखण करत बसावं लागतं. (मला याचा कंटाळा येतो.) उलट, तुम्हाला न सापडलेली एखादी पिढी कुणी दूरचा नातेवाईक जोडून जातो, तेही तिथेच.

हयात माणसांची माहिती फॅमिलीसर्च सर्वांसमोर ठेवत नाही. ग्रॅम्प्समधून गेडकॉम फाइल (वंशावळ एका प्रोग्रॅममधून दुसरीकडे न्यायची फाइल) काढताना हयात व्यक्ती वगळण्याचा पर्याय आपणच निवडायचा. आणि गेडकॉमच्या 5.5.1 या आवृत्तीच्या फाइलमध्ये फोटो नसतात, फक्त ते कुठे ठेवलेत एवढंच असतं. फोटो वेगळे पाठवा.

शिकायला ग्रॅम्प्स किचकट. बॅकअपही आपणच घ्यायचा, डिस्क गेली तर सगळंच गेलं.

पुरावे, मतभेद, नाजूक कौटुंबिक गोष्टी नोंदवायच्या असतील तर ग्रॅम्प्स. चार-पाच पिढ्यांपूर्वीचे धागे शोधायचे असतील आणि इतरांच्या दुरुस्त्या चालत असतील तर फॅमिलीसर्च. पुतणीला मी मूळ प्रत ग्रॅम्प्समध्ये ठेवून फक्त दिवंगत पूर्वज ऑनलाइन टाकायला सांगितलंय.