पेट्रिऑन: आवडत्या पॉडकास्टला आपणहून पैसे द्यायचे असतील तर आधी हे वाचा

पॉडकास्ट ऐकणारे आता आपल्यात ढिगाने झालेत, ऐकणं फुकट आहे हेही सगळ्यांना माहितीय, पण ज्यांना मनापासून वाटतं की या माणसाला आपण चार पैसे द्यावेत त्यांनी ते नेमके कुठून द्यायचे आणि त्यातले त्याच्या हातात किती पडतात हे कोणी धड सांगत नाही. मी स्वतः पॉडकास्ट करत नाही, नुसती ऐकते आणि जमेल तसं देते, म्हणून हा रिव्ह्यू देणाऱ्याच्या बाजूने लिहिलाय.

पेट्रिऑन ही कलाकारांना, पॉडकास्टवाल्यांना थेट पैसे द्यायची वेबसाइट. ती २०१३ मध्ये जॅक काँटे आणि सॅम यॅम यांनी सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केली. काँटे संगीतकार, यूट्यूबवर व्हिडिओ टाकायचा, एका व्हिडिओवर पदरचे हजारो डॉलर घातले आणि जाहिरातीतून येणार होते अगदीच किरकोळ, त्यातनं ही कल्पना निघाली. तुम्ही महिन्याला एक ठराविक रक्कम लावायची आणि बदल्यात बहुतेक वेळा जास्तीचे एपिसोड मिळतात. यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे प्रायव्हेट फीड. पैसे भरले की तुमच्या नावाची एक वेगळी लिंक मिळते, ती पॉकेट कास्ट्स किंवा ॲपल पॉडकास्ट्समध्ये पेस्ट केली की बोनस एपिसोड नेहमीच्या ॲपमध्येच येऊन पडतात, पेट्रिऑनचं ॲप उघडावंच लागत नाही. (ती लिंक प्लीज व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, ती फक्त तुमच्यासाठी असते.)

आता पैशांचं. ऑगस्ट २०२५ पासून नव्याने येणाऱ्या क्रिएटरकडून, म्हणजे पैसे घेणाऱ्या पॉडकास्टवाल्याकडून किंवा कलाकाराकडून, पेट्रिऑन १० टक्के घेतं, जुन्यांना त्यांचे आधीचे कमी दर आहेत. त्यावर पेमेंट प्रोसेसिंग, म्हणजे पैसे इकडून तिकडे पोचवण्याचा खर्च, वेगळा: ३ डॉलरपर्यंतच्या रकमेवर ५ टक्के आणि १० सेंट, त्याच्या वर २.९ टक्के आणि ३० सेंट. म्हणजे तुम्ही १ डॉलर दिलात तर साधारण ७५ सेंट पोचतात, पंचवीस वाटेतच गेले. ५ डॉलर दिलेत तर ४ डॉलर ५ सेंटच्या आसपास. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पाच पॉडकास्टना एकेक डॉलर देण्यापेक्षा एकालाच पाच द्या, आणि वार्षिक मेंबरशिपचा पर्याय दिसला तर तोच घ्या, कारण ते ३० सेंट बारा वेळा कापले जाण्याऐवजी एकदाच कापले जातात, वर्षाला ६० डॉलर देणाऱ्यामागे तीनेक डॉलर त्या पॉडकास्टवाल्याचे वाचतात.

आणखी एक, आयफोनच्या ॲपमधून जॉईन करू नका. ॲपल ॲपमधल्या खरेदीवर ३० टक्क्यांपर्यंत कमिशन घेतं, त्यामुळे एकतर तुम्हाला किंमत वाढवून दिसते नाहीतर ते पैसे पॉडकास्टवाल्याच्या खिशातून जातात. फोनवरच पण ब्राउझर उघडून जॉईन करा, दोन मिनिटं जास्त लागतील एवढंच.

भारतातून देताना कार्डाची कटकट आहे हे खरंय. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा ई-मँडेटचा नियम कडक लागू झाला, दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी आधी मँडेट (म्हणजे तुमची आगाऊ परवानगी), ओटीपी, कापायच्या २४ तास आधी मेसेज, आणि परदेशी साइटवर बरीच कार्डं तेव्हा चालेनाशी झाली. नियम आपल्याच भल्याचा आहे त्याबद्दल तक्रार नाही, पण त्यामुळे इच्छा असून देता न आलेले लोक मी पाहिलेत. इथेही वार्षिक बरं पडतं, भानगड वर्षातून एकदाच.

एवढं सगळं कशाला, जाहिराती आहेत की, असं कोणी म्हणेल. हिशोब करून बघा ना. जाहिरातीचा दर हजार डाउनलोडमागे ठरतो. हजाराला २५ डॉलर धरले, महिन्याला चार एपिसोड आणि प्रत्येकात दोन जाहिराती धरल्या, तर एका ऐकणाऱ्यामागे महिन्याला २० सेंट झाले. म्हणजे ५ डॉलर देणारा एक माणूस, वरची कापाकापी वजा करूनही, वीस ऐकणाऱ्यांएवढा झाला! लाखात ऐकले जाणारे शो जाहिरातीवर चालतील, पण दोन-तीन हजार लोक जीव लावून ऐकतात असा शो टिकायचा तर देणाऱ्यांवरच टिकेल.

पेट्रिऑनचा २०१७ चा किस्सा मी अजून धरून आहे. त्या डिसेंबरात त्यांनी जाहीर केलं की आता प्रत्येक देणगीवर २.९ टक्के आणि ३५ सेंट देणाऱ्याकडूनच घेणार, म्हणजे एक डॉलर देणाऱ्याला जवळजवळ १ डॉलर ३८ सेंट पडणार. थोडं थोडं अनेकांना देणारे लोक भराभर निघून जायला लागले, क्रिएटर चिडले, आणि आठवड्याभरात कंपनीने माफी मागून ते मागे घेतलं. मागे घेतलं हे चांगलंच केलं, पण छोटी रक्कम देणारा त्यांना अजूनही फारसा परवडत नाही हे वरच्या आकड्यांत दिसतंच.

मला याहून जास्त पटलेली पद्धत मॅक्झिमम फन या बरेच पॉडकास्ट एकत्र चालवणाऱ्या लॉस एंजेलिसच्या नेटवर्कची आहे. जेसी थॉर्नने कॉलेजच्या रेडिओवरून सुरुवात करून हे उभं केलं आणि २०२३ पासून ते तिथे काम करणाऱ्यांच्या मालकीचं आहे. महिन्याला ५ डॉलरपासून मेंबर होता येतं, जॉईन होताना कुठले शो ऐकता त्यावर टिक करायची आणि तुमचे बरेचसे पैसे त्याच शोंना जातात. वर्षातून एकदा दोन आठवडे ते जोरात आवाहन करतात, बाकी वर्षभर सारखं सारखं मागत नाहीत. ॲडम करी आणि जॉन ड्व्होरॅक यांचा 'नो अजेंडा' तर २००७ पासून एकाही जाहिरातीशिवाय चाललाय, तुम्हाला जेवढ्या मोलाचं वाटलं तेवढं परत द्या हा एकच नियम, आणि देणाऱ्यांची नावं शोमध्येच वाचतात, २०० डॉलर दिले तर त्या एपिसोडचे सहयोगी कार्यकारी निर्माते म्हणून नाव येतं. त्यांची राजकीय मतं पटोत न पटोत, मागायची पद्धत शिकण्यासारखी आहे. आपल्या मुंबईचे अमित वर्मा 'द सीन अँड द अनसीन'मध्ये एपिसोडच्या शेवटी वेबसाइटचा पत्ता सांगतात, वाटेल ती रक्कम द्या म्हणतात, आणि तासन्तास चालणारे ते एपिसोड न देणाऱ्यालाही पूर्ण ऐकायला मिळतात.

हे मला फार जवळचं वाटतं, कारण कीर्तनात आरतीचं ताट असंच फिरतं, कीर्तन सगळ्यांनी ऐकायचं, ज्याला जमेल त्याने फूल ना फुलाची पाकळी टाकायची, ज्याच्याकडे नाही त्याला कोणी उठवत नाही. पेट्रिऑनवर बरेच पॉडकास्टर चांगले एपिसोड कुलपात ठेवतात तिथे माझं मन खट्टू होतं, ती मदत न राहता विक्री होते. बोनस म्हणून गप्पाटप्पा ठेवा, मुख्य काम मोकळंच असू द्या.

तर पेट्रिऑनला पाचपैकी साडेतीन. फीडसाठी आणि मेंबरशिप कधीही सहज बंद करता येते त्यासाठी पूर्ण मार्क, छोट्या रकमेवरच्या कापाकापीसाठी दीड कमी. परदेशातला पॉडकास्ट असेल तर खुशाल वापरा. मराठी पॉडकास्ट करणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगणं आहे, पेट्रिऑनचं पान काढायच्या आधी एपिसोडच्या वर्णनात तुमचा यूपीआय आयडी टाका, शंभर रुपये पाठवले की शंभरच्या शंभर पोचतील, आणि एपिसोडमध्ये एकदा तोंडाने सांगा की पैसे कशाला लागतात, माइक, एडिटिंग, स्टुडिओचं भाडं, जे असेल ते. आम्ही द्यायला बसलोय, तुम्ही मागतच नाही.