ब्लेंडरचं सेल फ्रॅक्चर: माठ छान फुटतो, दार नाही

गढीची पांढऱ्या मातीची भिंत ढासळताना दाखवायची असेल, तर पैसे मोजून प्लगइन घ्यायची गरज नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं सेल फ्रॅक्चर, म्हणजे वस्तूचे तुकडे पाडणारं ॲड-ऑन, फुकट आहे. माती, दगड, खापर यांना ते पुरून उरतं. ब्लेंडर ४.२ पासून मात्र ते आयतं मिळत नाही, प्रेफरन्सेसमधल्या ‘गेट एक्स्टेन्शन्स’मधून उतरवून घ्यावं लागतं. मग ऑब्जेक्ट मेन्यूत ‘क्विक इफेक्ट्स’खाली सापडतं.

तुकडे व्होरोनॉय पद्धतीने पडतात, म्हणजे ज्या बिंदूला जो भाग सर्वांत जवळ, तो त्याचा तुकडा: जितके बिंदू, तितके तुकडे. म्हणून ८ व्हर्टेक्सच्या (कोपऱ्यांच्या) साध्या भिंतीला ‘ओन व्हर्ट्स’ लावलं, म्हणजे तिचेच व्हर्टेक्स बिंदू म्हणून घेतले, तर सोर्स लिमिट, म्हणजे बिंदूंची कमाल मर्यादा, १०० असूनही ८च तुकडे पडतात. आधी सबडिव्हाइड करून व्हर्टेक्स वाढवा आणि बिंदू विस्कटायला थोडा नॉइज द्या, नाहीतर सगळे तुकडे विटांसारखे एकसारखे निघतात.

खरी कमाल रिकर्शनची, म्हणजे तुकड्यांचे पुन्हा तुकडे करण्याची. धक्का बसतो तिथे थ्रीडी कर्सर (ब्लेंडरमधली जागा दाखवणारी खूण) ठेवून ‘कर्सर क्लोज’ निवडा. तिथली माती बारीक फुटते, लांबची ढेकळं मोठीच राहतात. गढीची भिंत अशीच पडते, आणि एवढ्या सोप्या टूलमध्ये ही सोय आहे याचं फार कौतुक वाटतं.

माठाला आधी सॉलिडिफाय मॉडिफायरने जाडी देऊन तो अप्लाय करा, कंट्रोल-एने स्केलही. जाळी (वस्तूचा मेश) कुठे उघडी राहिली की बूलियन, म्हणजे आकार कापण्याची क्रिया, फसतं आणि काही तुकडे गायब होतात. आतल्या कडांना दुसरं मटेरियल द्या. ताजं खापर त्यामुळेच ओळखू येतं. मूळ माठ तसाच राहतो, तो लपवायला विसरू नका.

तुकडे खरोखर पडावेत म्हणून रिजिड बॉडी (घन वस्तूंचं फिजिक्स) लावल्यावर माठ पहिल्याच फ्रेमला उधळला, तर दोष फ्रॅक्चरचा नाही. कोलिजन मार्जिन, म्हणजे टक्कर धरण्यासाठी वस्तूभोवती मोजलं जाणारं अंतर, मुळात ०.०४ मीटर, म्हणजे ४ सेंटीमीटर असतं. १ सेंटीमीटर जाडीची खापरं त्यामुळे एकमेकांत घुसल्यासारखी धरली जाऊ शकतात आणि जोरात दूर फेकली जातात. मार्जिनवर टिक करून ०.००१ भरा, शेप कॉन्व्हेक्स हल (तुकड्याभोवती ताणलेलं कवच) ठेवा, धक्का लागेपर्यंत तुकडे जागचे हलू नयेत म्हणून ‘स्टार्ट डीॲक्टिव्हेटेड’ चालू करा आणि ‘कॉपी फ्रॉम ॲक्टिव्ह’ने हे सगळ्या तुकड्यांना लावा.

वाड्याच्या सागवानी दारासाठी मात्र हे टूल घेऊच नका. सेल फ्रॅक्चरच्याच ‘स्केल’ पर्यायात एका अक्षाचा आकडा बदलून तुकडे लांबुळके करता येतात, पण काप सपाटच राहतो; लाकडाच्या ढलप्या, रेषा काही निघत नाहीत. दाराच्या फळ्या नाइफ टूलने हाताने कापलेल्या बऱ्या.